शाळेच्या संगणकाची किल्ली कोणाकडे?

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीला तिच्या कंपनीकडून नेहमी मिळणाऱ्या सुरक्षा-सुधारणा बंद झाल्या. ज्या शाळांच्या संगणक-खोलीत ही प्रणाली आहे, तेथे दुसऱ्या दिवशीही संगणक पूर्वीसारखेच सुरू झाले असतील. डोळ्यांना दिसण्यासारखा काहीच फरक पडला नाही. परंतु त्या दिवसानंतर या प्रणालीत जे नवे दोष सापडतील, त्यांची दुरुस्ती त्या संगणकांपर्यंत आपोआप पोहोचणार नाही. पैसे भरून किंवा काही अटी मान्य करून ती मिळविण्याची सोय आहे, पण तीही थोड्या काळापुरतीच.

“मग विंडोज ११ घालावी,” असे कोणी म्हणेल. पण ही नवी प्रणाली संगणकात टीपीएम नावाची विशिष्ट सुरक्षा-चिप मागते आणि ठरावीक यादीतलेच प्रक्रियक स्वीकारते. साधारणपणे २०१७ पूर्वी तयार झालेले बहुतेक संगणक या चाळणीतून खाली गळतात. म्हणजे ज्याचा पडदा चांगला आहे, कळफलक चांगला आहे, ज्यावर आठवीची मुले आजही आलेख काढू शकतात, असा संगणक केवळ कारभारी बदलला म्हणून भंगारात काढण्याची पाळी येते.

यंत्र शाळेचे, खोली शाळेची, वीजबिल शाळेचे. मग यंत्र कधी निकामी ठरायचे हे शाळेबाहेरचा कोणी का ठरवतो? आणि यावर काही उपाय आहे का? या दोन प्रश्नांची उत्तरे आपण या लेखात शोधू.

यंत्र आणि त्याचा कारभारी

हिंगणघाटच्या बाजारात कापसाच्या हंगामात गेलात, तर गाड्यांची रांगच रांग दिसते. गाड्या शेकडो, पण वजनकाटा एक. कोणती गाडी काट्यावर आधी घ्यायची, कोणता कापूस कोणत्या गंजीवर टाकायचा, कोणाला किती वेळ थांबवायचे, हे सारे एक कारभारी पाहतो. तो नसेल, तर काटा उत्तम असूनही गोंधळ माजेल.

संगणकातही असेच असते. प्रक्रियक हा तो वजनकाटा. लेखन, चित्रकला, गाणे, आंतरजाल अशा अनेक आज्ञावली एकाच वेळी त्याच्यापुढे रांग लावून उभ्या असतात. त्यांतील प्रत्येकीला सेकंदाचा अगदी लहानसा भाग वाटून देणे, स्मृतीतील जागा नेमून देणे, चकतीवरील फायलींचा हिशेब ठेवणे, छपाईयंत्राशी बोलणे, ही सारी कामे जी मुख्य आज्ञावली करते तिला ‘कार्यप्रणाली’ किंवा ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणतात. तुम्ही कळफलकावरील एक कळ दाबता, तेव्हा कळफलक प्रक्रियकाला एक इशारा पाठवितो. कार्यप्रणाली हातातले काम क्षणभर बाजूला ठेवून तो इशारा वाचते, ती कळ कोणत्या आज्ञावलीसाठी आहे ते ठरविते आणि पुन्हा आपल्या कामाला लागते. हे इतक्या झटपट घडते की आपल्याला पत्ताही लागत नाही.

कार्यप्रणालीच्या अगदी आतल्या गाभ्याला ‘कर्नेल’ म्हणतात. विंडोजला स्वतःचे कर्नेल आहे. ‘लिनक्स’ हे दुसरे एक कर्नेल. तुमच्या घरच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्स कर्नेलच आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतील एकूणएक महासंगणक लिनक्सवर चालत आले आहेत. तेव्हा ‘हे काही तरी कच्चे, हौशी काम असेल’ अशी शंका मनात असेल, तर ती आधीच काढून टाकावी.

मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे

आज्ञावली लिहिणारा मनुष्य ती माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो. हा झाला तिचा मूळ मजकूर. नंतर ‘कंपायलर’ नावाची दुसरी आज्ञावली त्या मजकुराचे शून्य आणि एक यांच्या लांबलचक माळेत रूपांतर करते. संगणकाला ही माळ कळते, माणसाला कळत नाही. माळेवरून मूळ मजकूर परत मिळविणे फार अवघड असते. बहुतेक कंपन्या ग्राहकाला फक्त माळ देतात आणि मजकूर स्वतःच्या कपाटात ठेवतात. दोष आढळला, तर तो दुरुस्त करण्याची किल्लीही अर्थातच त्याच कपाटात राहते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांना ही गोष्ट खटकली. त्यांच्या प्रयोगशाळेतील छपाईयंत्रात कागद वारंवार अडकत असे. त्याची आज्ञावली थोडी बदलून सर्वांची अडचण दूर करावी असे त्यांच्या मनात होते, परंतु मूळ मजकूर त्यांना मिळाला नाही. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ‘ग्नू’ नावाची संपूर्ण मुक्त कार्यप्रणाली तयार करण्याचा संकल्प जाहीर केला. मुक्त आज्ञावलीच्या वापरणाऱ्याला चार स्वातंत्र्ये असली पाहिजेत असे ही चळवळ मानते : ती कोणत्याही कामासाठी चालविणे, तिचा मूळ मजकूर अभ्यासून बदलणे, तिच्या प्रती इतरांना देणे आणि आपण सुधारलेल्या प्रतीही इतरांना देणे. १९८९ मध्ये या स्वातंत्र्यांना कायद्याचे कवच देणारा ‘जीपीएल’ हा परवाना निघाला. त्याची मुख्य अट अशी की सुधारलेली आज्ञावली तुम्ही पुढे वाटलीत, तर तिचा मूळ मजकूरही त्याच अटींवर दिला पाहिजे.

ग्नूचे इतर भाग तयार होत आले, पण गाभा अपुरा होता. २५ ऑगस्ट १९९१ रोजी फिनलंडमधील हेलसिंकी येथे शिकणाऱ्या लायनस टॉर्व्हल्ड्झ या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक लहानशी कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तिचे कर्नेल ते लिनक्स. पुढे तेही जीपीएल परवान्याखाली आले आणि जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. डेबियन, उबुंटू, फेडोरा, लिनक्स मिंट ही नावे तुम्ही ऐकली असतील. ही सारी याच सामग्रीची वेगवेगळी संकलने आहेत. आपल्या देशातही सी-डॅक या संस्थेने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ ही भारतीय भाषांची सोय असलेली प्रणाली २००७ मध्ये प्रसृत केली.

अशी कल्पना वर्ध्याच्या माणसाला मुळीच परकी वाटू नये. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरख्यांचे निरनिराळे नमुने ठेवलेले आहेत. ते पाहताना एक गोष्ट आठवावी. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. अटी मोठ्या विचारपूर्वक घातल्या होत्या. यंत्राची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, ते हिंदुस्थानात बनविता यावे, २० वर्षे टिकावे, त्याच्या देखभालीचा खर्च अगदी अल्प असावा. आणि शेवटची अट अशी की विजेत्याने आपल्या शोधाचे एकस्व, म्हणजे पेटंट, संघाच्या स्वाधीन करावे. बक्षीस कोणालाही मिळाले नाही हे खरे. परंतु यंत्राची नुसती किंमत न पाहता ते किती वर्षे टिकेल, त्याची दुरुस्ती किती स्वस्तात होईल आणि त्याचा हक्क कोणाकडे राहील, हे तीन प्रश्न त्या अटींत विचारले होते. शाळेत संगणक आणि कार्यप्रणाली निवडतानाही तेच तीन प्रश्न विचारावे लागतात.

जवळपासचे अनुभव

शाळांमध्ये लिनक्स वापरण्याचे प्रयोग आपल्या आसपास बरेच झाले आहेत. २००० सालाच्या सुमारास गोव्यात परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने ‘गोवा कॉम्प्युटर्स इन स्कूल्स प्रोजेक्ट’ सुरू झाला. परदेशात जुने ठरलेले संगणक जहाजाने आणावयाचे आणि शाळांना द्यावयाचे, अशी ती योजना होती. जुन्या यंत्रांसाठी महागडे परवाने घेणे परवडणारे नव्हते, म्हणून लिनक्सचा मार्ग धरण्यात आला.

२००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातील खैराट या लहानशा वाडीच्या प्राथमिक शाळेत मुलांना ‘एक्सओ’ नावाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप देण्यात आले. ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा तो भारतातील पहिला प्रयोग. या लॅपटॉपची स्मृती अवघी २५६ मेगाबाइट, तरी त्यावर लिनक्स चालत असे. जवळजवळचे लॅपटॉप मधे कोणतेही केंद्र न ठेवता आपापसांत बिनतारी जाळे विणू शकत. आणि त्यांच्या कळफलकावर एक खास कळ होती. चालू असलेल्या आज्ञावलीचा मूळ मजकूर दाखविणे हे तिचे काम. घड्याळाचे झाकण उघडून आतली चाके पाहावीत, तशी ही सोय!

सर्वांत मोठा प्रयोग मात्र केरळचा. तेथे २००१ मध्ये ‘आयटी@स्कूल’ हा सरकारी प्रकल्प सुरू झाला. आरंभी विंडोजवर भर होता, पण पुढील काही वर्षांत शाळा संपूर्णपणे मुक्त प्रणालीकडे वळल्या. २०१७ मध्ये या प्रकल्पातून ‘काइट’ ही संस्था झाली. तिने २०१९ मध्ये शाळांसाठी आपली नवी प्रणाली काढली, तेव्हा २ लाख संगणकांवर मिळून सुमारे ३,००० कोटी रुपये वाचतील असा अंदाज सांगण्यात आला. या आकड्यामागील गुणाकार सोपा आहे : दर संगणकामागे दीड लाख रुपये. मात्र असे आकडे वाचताना विज्ञानाच्या विद्यार्थ्याने सावध असावे. दीड लाख ही एका कार्यप्रणालीची किंमत नव्हे. चित्र, ध्वनी, लेखन, आलेखन अशा पुष्कळ आज्ञावलींचे परवाने बाजारभावाने घेतले असते तर, असा तो हिशेब आहे. कोणतीही शाळा ते सर्व विकत घेतीलच असे नाही. केरळच्या यशाचे खरे कारण माझ्या मते निराळे आहे. तेथे शिक्षकांमधूनच प्रशिक्षक निवडले गेले आणि त्यांनी इतर शिक्षकांना शिकविले. बिघाड झाला, तर विचारायला माणूस जवळ होता.

समजा, एक शाळा

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. समजा, आर्वी तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत १२ संगणक आहेत. ते सारे एका स्विचला तारांनी जोडले आहेत आणि आंतरजालाची जोडणी एकच आहे. हे जाळे मुक्त प्रणालीवर न्यायचे, तर कसे न्यावे?

पहिली पायरी मोजदादीची. प्रत्येक संगणकाचा प्रक्रियक, स्मृती आणि चकती यांची वहीत नोंद करावी. प्रक्रियक ६४ बिटांचा आहे की ३२ बिटांचा, हे अवश्य पाहावे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटांच्या जुन्या संगणकांवर नव्याने बसविण्याची सोय काढून टाकली. म्हणजे मुक्त प्रणालीतही फार जुन्या यंत्रांची साथ कधी तरी सुटतेच. लिनक्स मिंटसारख्या प्रणालीला निदान २ गिगाबाइट स्मृती लागते. ४ असली तर काम सुखाने चालते. जुन्या फिरत्या चकतीऐवजी एसएसडी बसविली, तर सुस्त संगणकही चपळ होतो.

दुसरी पायरी चाचणीची. लिनक्स पेनड्राइव्हवरून, चकतीला हात न लावता चालवून पाहता येते. छपाईयंत्र चालते का, आवाज येतो का, प्रक्षेपक जोडता येतो का, हे महिनाभर एकाच संगणकावर तपासावे. शाळेला काही सरकारी किंवा परीक्षेच्या कामासाठी फक्त विंडोजवर चालणारी आज्ञावली लागत असेल, तर कार्यालयातील एक संगणक तसाच ठेवावा. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

तिसरी पायरी प्रती ठेवण्याची. येथे माझी एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी प्रयोगशाळेतील एका संगणकावर लिनक्स घालताना मी ‘सर्व चकती पुसावी’ हा पर्याय निवडला. प्रती काढून ठेवल्या आहेत अशी माझी समजूत होती; पण ज्या फोल्डरमध्ये तीन वर्षांच्या प्रात्यक्षिक परीक्षांचे कागद होते, नेमके तेच राहून गेले होते. ते पुन्हा टंकलिखित करण्यात माझी उन्हाळ्याची सुटी गेली. तेव्हापासून मी प्रत काढतो, ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहतो आणि मगच पुसण्याचे बटण दाबतो.

चौथी पायरी जाळ्याची, आणि ती भौतिकशास्त्राच्या दृष्टीने रंजक आहे. येथे दोन मार्ग संभवतात. एक, प्रत्येक संगणकाच्या चकतीवर स्वतंत्रपणे लिनक्स घालणे. दुसरा, कार्यप्रणाली फक्त एका सर्व्हरवर ठेवणे आणि बाकीच्यांनी सुरू होताना ती तारेतून मागविणे. दुसऱ्या मार्गासाठी ‘एलटीएसपी’ नावाची मुक्त योजना १९९९ पासून आहे. संगणक सुरू होताच तो जाळ्यात हाक मारतो, “माझा पत्ता काय?” सर्व्हर त्याला पत्ता देतो आणि कर्नेल पाठवितो. मग लागतील तशा फायली तारेतून येत राहतात. त्या संगणकात चकती नसली तरी चालते. सुधारणा करायची ती एकदाच, सर्व्हरवर. बाराही संगणक दुसऱ्या दिवशी सुधारलेले!

पण यासाठी तारेतून किती माल वाहून न्यावा लागेल? समजा, सुरू होताना प्रत्येक संगणक ४०० मेगाबाइट मागवितो. बारा संगणकांचे मिळून ४,८०० मेगाबाइट झाले. स्विच १०० मेगाबिटांचा असेल, तर ८ बिटांचा एक बाइट या हिशेबाने तो सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट नेईल. ४,८०० ला १२.५ ने भागले की ३८४ सेकंद येतात, म्हणजे जवळजवळ साडेसहा मिनिटे. ३५ मिनिटांच्या तासिकेतील इतका वेळ नुसती वाट पाहण्यात जाईल. तोच स्विच १,००० मेगाबिटांचा घेतला आणि सर्व्हर व ताराही त्या योग्यतेच्या असल्या, तर हेच काम सुमारे ३८ सेकंदांत होईल. प्रत्यक्षात थोडा अधिक वेळ लागतो, पण यावरून पैसा कोठे घालावा ते कळते. नवे संगणक घेण्याआधी स्विच पाहावा.

या योजनेचे दुसरे अंगही ध्यानात ठेवले पाहिजे. सर्व्हर बंद पडला, तर सगळी खोली बंद पडते. आपल्याकडे वीज केव्हाही जाते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो. सर्व्हरला यूपीएस आणि वारा मिळण्याची सोय नसेल, तर पहिलाच मार्ग बरा. त्या मार्गातही एक युक्ती करता येते. सुधारणांच्या फायली ३०० मेगाबाइटच्या असल्या, तर बाराही संगणकांनी त्या वेगवेगळ्या आंतरजालावरून आणल्यास ३,६०० मेगाबाइट खर्च होतात. एका संगणकाने त्या एकदाच आणून साठविल्या आणि इतरांना वाटल्या, तर ३०० मध्येच भागते. गावातल्या विहिरीवरून प्रत्येकाने घागर आणण्याऐवजी एक टाकी भरून ठेवावी, तसे हे आहे.

पाचवी पायरी अधिकारांची. लिनक्समध्ये साध्या वापरकर्त्याला स्वतःच्या फायलींपुरतीच मोकळीक असते. प्रणालीचे भाग बदलण्यासाठी व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द लागतो. पेनड्राइव्हमधील सर्व फोल्डरांचे एकाएकी शॉर्टकट झालेले तुम्ही पाहिले असतील. त्या जातीचे विंडोजसाठी लिहिलेले विषाणू लिनक्सवर चालत नाहीत. लिनक्सला कधीच धोका नाही असे मात्र समजू नये. परवलीचा शब्द फळ्यावर लिहून ठेवला, तर कोणतीही प्रणाली सुरक्षित नाही.

मराठीची अडचण आणि तिचे मूळ

स्थलांतराच्या वेळी शिक्षक सर्वांत जास्त कोठे अडतात? लेखनासाठी ‘लिब्रेऑफिस’ आहे, ते दोन-तीन दिवसांत हाताखाली येते. अडचण येते ती जुन्या प्रश्नपत्रिका उघडताना. मराठीत टंकलिखित केलेला सुंदर मजकूर एकाएकी इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन समोर येतो आणि “लिनक्सला मराठी येत नाही” असा शेरा बसतो. हा शेरा चुकीचा आहे. दोष लिनक्सचा नाही. तो जुन्या टंकांच्या रचनेत आहे.

संगणकाच्या स्मृतीत अक्षरे नसतात, अंक असतात. ‘कृतिदेव’सारख्या जुन्या टंकात ‘कमल’ हा शब्द लिहिला, तर स्मृतीत १००, १०१ आणि १२१ हे अंक साठतात. हे अंक खरे पाहता इंग्रजी डी, ई आणि वाय या अक्षरांचे. टंक फक्त त्यांच्यावर क, म, ल यांचे मुखवटे चढवितो. तो टंक नसलेल्या संगणकावर फाइल नेली की मुखवटे गळून पडतात आणि खाली इंग्रजी अक्षरे उरतात. विंडोजच्याच दुसऱ्या संगणकावर तो टंक नसेल, तर तेथेही हेच घडेल.

‘युनिकोड’ या जागतिक पद्धतीत प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आहे. देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ अशा १२८ जागांचा गट राखलेला आहे. त्यात क चा क्रमांक २३२५, म चा २३५०, ल चा २३५४ आणि आपल्या ळ चा २३५५. हे क्रमांक कोणत्याही टंकात, कोणत्याही प्रणालीवर तेच राहतात. मुखवट्याची गरजच नाही. लिनक्सवर मराठी दाखविणारे ‘लोहित’ टंक २००४ पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत, आणि भारतीय भाषांच्या या कामाचा मोठा वाटा पुण्यात झाला आहे.

जुन्या फायली युनिकोडमध्ये बदलणाऱ्या आज्ञावली मिळतात, परंतु त्यांच्यावर आंधळा विश्वास टाकू नये. जुन्या टंकांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकित करीत, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये मात्र ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर साठविली जाते. रूपांतरात हा क्रम उलटावा लागतो; वेलांटी आणि रफार यांच्या चुका तेथेच राहतात. म्हणून रूपांतरित प्रश्नपत्रिका एकदा डोळ्यांखालून घालावीच. हे काम कंटाळवाणे आहे खरे. पण एकदा केले, की पुढील वीस वर्षे कोणत्याही प्रणालीवर त्या फायली वाचता येतील.

“पण नोकरीत विंडोजच लागते ना?”

पालकांचा हा प्रश्न रास्त आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. पुष्कळ कार्यालयांत विंडोज वापरली जाते. परंतु सातवीतील मुलगी नोकरीला लागेल तेव्हा आणखी दहा-बारा वर्षे गेलेली असतील आणि आजच्या मेनूतील बटणे तेव्हा जागेवर असतील याची खात्री नाही. तक्ता कसा मांडावा, फायली कशा लावाव्यात, चूक कशी शोधावी, हे शिकलेले मूल कोणत्याही प्रणालीवर आठवड्याभरात रुळते. शिवाय विज्ञानाच्या विद्यार्थ्याला येथे मोठा खजिना मिळतो. ‘स्टेलॅरियम’मध्ये वर्ध्याचे आजचे आकाश पाहता येते. ‘ऑडॅसिटी’मध्ये नादकाट्याच्या आवाजाची तरंगाकृती मोजून त्याची वारंवारता काढता येते. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरने तयार केलेले ‘एक्सपआइज’ हे लहानसे उपकरण जोडले, तर संगणकाचाच दोलनदर्शक होतो. मुंबईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या नावाने केलेले लिनक्सचे पाठ मराठीतही ऐकावयास मिळतात.

तरीही सावधगिरीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. जर्मनीतील म्युनिक शहराच्या प्रशासनाने २००३ मध्ये लिनक्सकडे जाण्याचे ठरविले. दहा वर्षांत सुमारे १५,००० संगणक बदलण्यात आले. आणि २०१७ मध्ये नगरसभेने पुन्हा विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला! २०२० मध्ये वारे पुन्हा मुक्त प्रणालीच्या बाजूने वळले. प्रणाली चांगली असणे पुरेसे नसते, हा यातला धडा. ती सांभाळणारी माणसे आणि त्यांच्या पाठीशी उभा राहणारा मुख्याध्यापक असावा लागतो. एकाच उत्साही शिक्षकाने सगळे केले आणि त्याची बदली झाली, तर खोलीला पुन्हा कुलूप लागते. म्हणून निदान दोन शिक्षक आणि आठवी-नववीचे चार विद्यार्थी यांना हे काम आले पाहिजे, आणि केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद एका वहीत राहिली पाहिजे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात जी शिक्षण परिषद भरली, तिने मुलांचे शिक्षण हाताच्या उत्पादक कामाभोवती गुंफावे असा विचार देशापुढे ठेवला. ज्या साधनाने मूल शिकते, ते साधन त्याला उघडता, समजता आणि दुरुस्त करता यावे, हे त्या विचारातच आले. संगणक हेही आता शाळेतील एक साधनच आहे. त्याचे झाकण मुलांसाठी उघडे असावे की बंद, हे ठरविण्याची वेळ जुन्या प्रणालीच्या मुदतीने आपल्यावर आणली आहे.

करून पाहा

१. शिक्षकांची परवानगी घेऊन एका संगणकावर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवा. सुरुवातीला ‘चालवून पाहा’ आणि ‘बसवा’ असे दोन पर्याय दिसले, तर पहिलाच निवडा. बटण दाबल्यापासून पडदा तयार होईपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजा. विंडोजलाही मोजा आणि तुलना करा.

२. लिब्रेऑफिसच्या ‘कॅल्क’मध्ये ‘युनिकोड’ नावाचे फलन आहे. ते इंग्रजी अक्षरांत लिहावे लागते. त्याला तुमच्या नावाचे एकेक अक्षर द्या आणि क्रमांक टिपून घ्या. क साठी २३२५ येतात का? ‘कि’मधील वेलांटीचा क्रमांक कसा शोधाल?

३. शाळेच्या जाळ्यातून १ गिगाबाइटची फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर पाठवा आणि वेळ मोजा. सेकंदाला किती मेगाबाइट पोहोचले? उत्तर १२.५ च्या जवळ आले, तर तुमचा स्विच किंवा तार कोणत्या वेगाची आहे, हे तुम्हीच सांगा.